सुभेदारांसाठी केलेली खराब रीड

डॉक्टर म्हणाले, "आ म्हणा."

सुभेदारांनी नळी तोंडाच्या कोपऱ्यात धरली आणि छातीतली हवा सोडली. आवाज आला "ऊ".

"ई म्हणा."

पुन्हा "ऊ". तोंड त्यांनी अगदी बरोबर उघडलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हातातल्या कानशीकडे.

युद्धाचा काळ होता. मी सांगलीत बाजाच्या पेट्या करणाऱ्या दुकानात सूर लावायच्या कामाला होतो. पेटीत आवाज करते ती रीड. चौकटीत बसवलेली पितळेची बारीक पट्टी, वारा लागला की थरथरते. परदेशी रीड बोटीनं यायची, ती बंद झाली. पितळ मिळेना. मोडक्या पेट्यांतल्या रीड काढून घासायच्या आणि पुन्हा लावायच्या, हाच धंदा. माझी मान आणि डोळे दोन्ही कामातून गेले होते. त्यात हे लचांड गळ्यात पडलं.

सुभेदार उंब्रजचे, पलटणीतून निवृत्त झालेले. घशात वाईट गाठ झाली म्हणून मिरजेच्या इस्पितळात डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वास आता मानेला पाडलेल्या भोकातून चालायचा. चारचौघांशी ते पाटीवर लिहून बोलत. घरी मात्र बायको, आणि तिचे डोळे देवीच्या साथीत गेलेले. तिला खूण दिसायची नाही, पाटीचा तर प्रश्नच नाही. ती दिवसभर काहीबाही विचारायची, उत्तर म्हणून खाटेवर टिचकी ऐकायची. "माणूस घरात हाय का न्हाई, कळंना झालंय," असं तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं.

डॉक्टरांनी कुठल्याशा परदेशी पुस्तकात चित्र पाहिलं होतं. मानेच्या भोकावर नळी, मध्ये डबीत रीड, पुढची नळी तोंडात. छातीतली हवा रीड वाजवणार, तोंड त्या आवाजाचे शब्द करणार. तसलं यंत्र तेव्हा मागवणार कुठून? म्हणून ते आमच्या दुकानात आले. मालक रोज सकाळी सुनावायचे, "कीर्तनवाल्यांच्या पेट्या पडल्यात, आणि तुम्ही नळ्या फुंका."

पेटीवाल्याचा जीव गोड आवाजात अडकलेला. मी हाताशी होती त्यातली उत्तम रीड निवडली. कर्कशपणा मरावा म्हणून डबीला आतून मऊ कातडं लावलं. मालकांनीसुद्धा ऐकून मान डोलावली होती. आणि आता सुभेदार आ म्हणत होते, ई म्हणत होते, ऐकू येत होतं फक्त ऊ.

सुभेदारांनी नळी खाली ठेवली. पाटीवर "पुरे झालं" लिहिलं आणि ते उठले. बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. दर खेपेला ती बरोबर यायची.

"थांबा जरा," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "मिस्त्री, हे फार गोड झालंय. तोंडाला निवडायला काही उरलंच नाही यात."

मग त्यांनी समजावलं ते मला धंद्यामुळे लगेच पटलं. रीड वाजते तेव्हा एकटा सूर कधीच वाजत नाही. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर त्याच्याबरोबर वाजतात. गोड पेटीत वरचे सूर दबलेले असतात, पिपाणीत सगळे उघडे. घशातूनही असाच सुरांचा ढीग निघतो. जीभ आणि ओठ त्यातले काही उचलून धरतात, काही दाबतात. एक निवड केली की आ, दुसरी केली की ई. मी वरचे सूर कातड्यात जिरवून टाकले होते. बिचारं तोंड करणार काय?

"म्हणजे खराब रीड पाहिजे?" मी विचारलं.

"जितकी खराब तितकी बरी."

आमच्याकडे बाद मालाचा डबा होता. त्यातून मी चौकटीला घासून करकरणारी एक रीड काढली. असली रीड पेटीत राहिली तर गिऱ्हाईक पेटी परत आणतं. कातडं खरवडून काढलं आणि ती बसवली. सुभेदारांनी फुंकलं तसं मालक कानावर हात ठेवून आत गेले. पण आ आला. ई आली. सगळं एकाच सुरात, चढ नाही, उतार नाही. ह तेवढा येईना, पण त्यावाचून काही अडलं नाही.

सुभेदार नळीसकट बाहेर गेले. बायकोपुढे उभे राहून म्हणाले, "ऊठ. गाडी चुकंल."

ती दचकली. बाक घट्ट धरला. "कोन हाय?"

"मी. ऊठ, गाडी चुकंल."

तिनं हात पुढे केला. आधी नळी लागली, मग हनुवटी. हात तिथंच ठेवून ती म्हणाली, "आवं, किती दिस वाट बगायला लावली." आणि रडायला लागली. मी आत जाऊन उगाच कानशी पुसत बसलो.

श्वासाच्या ओलाव्यानं पितळ हिरवं पडायचं, म्हणून सुभेदार अधूनमधून नवी रीड न्यायला यायचे. चांगल्या कामाला सरावलेल्या हातानं मुद्दाम वाईट काम करणं फार शिणवतं. तरी मी करून द्यायचो.

युद्ध संपल्यावर एकदा बाई पुतण्याचा हात धरून आली. सुभेदार गेले होते. तिनं पिशवीतून नळी काढली. "मिस्त्री, येकदा वाजवा."

मी नळी पेटीच्या भात्याला लावून हवा दिली. "पें" असा लांबलचक आवाज आला. बाईनं मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकला.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली.

"नाही बाई. माझा नुसता सूर होता. बोलत होते ते सुभेदारच."

तिनं नळी परत मागून घेतली, पदरानं पुसली आणि पिशवीत ठेवली.

मुक्या माणसाला आवाज दिलास, असं लोक अजून मला म्हणतात. मी दिला तो गोंगाट होता, आणि तोसुद्धा बाद डब्यातला.