मास्तरांच्या वहीतला कोरा रकाना

मास्तरांविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही. माझ्या घरात लिहायला शिकलेला पहिला मीच, आणि कॉलेजात येऊनही दोन वर्षेच झाली आहेत. शिवाय मी त्यांचे नुकसान केले. तरीही लिहितो आहे. चुकले तर वाचणाऱ्यांनी माफ करावे.

सोलापूरच्या आमच्या शाळेत मुले त्यांना 'बघितलंस-का मास्तर' म्हणत. ते इंग्रजी शिकवत. कोणी शब्दाचा अर्थ सांगितला की ते विचारायचे, "बघितलंस का?" मुलगा नाही म्हणाला की म्हणायचे, "मग अजून तुजा न्हाय तो. बस खाली." इंग्रजी ते जपून, स्वच्छ बोलत, मराठी मात्र शेवटपर्यंत त्यांच्या गावची, जेऊरची राहिली.

गिरणीतल्या मांजरपाटाचे वेष्टन घातलेली एक जाड वही त्यांच्याजवळ असे. तिच्या पानावर दोन रकाने. डावीकडे शब्द आणि उजवीकडे तो कुठे पाहिला ते. 'ॲन्व्हिल'समोर लिहिले होते, 'भवानी पेठेतला लोहार. ऐरणीला हात लावून.' माझे वडील गिरणीत मागावर होते. 'शटल'साठी मास्तर आमच्या घरी आले आणि वडिलांनी आणलेला फुटका धोटा मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. 'काय शिकलेला माणूस हाय ह्यो,' असे आई नंतर म्हणाली. कौतुकाने की कीव येऊन, ते मला कळले नाही. एका हिवाळ्यात ते जेऊरहून सकाळच्या गाडीने आले ते थेट वर्गात. टोपी काढायच्या आधी वही काढली आणि 'फॉग'समोर लिहिले, 'आज. जेऊर स्टेशन. सिग्नल दिसेना.' हजेरी त्यानंतर झाली.

समुद्राचे सगळे शब्द कोरे होते. त्याचे त्यांना काही वाटत नसे. पण एका धड्यात 'प्रेसिपिटस' आला आणि त्यांना चैन पडेना. कड्यासारखा तुटलेला उतार, असा एक अर्थ डिक्शनरीत होता. पुढचामागचा विचार न करता केलेली घाई, असा दुसरा. "घाई मी रोज बघतो, तुमी दप्तरं भरताना," मास्तर म्हणाले. "पर तिचं आन् कड्याचं नातं काय, ते कडा बघितल्याबिगर कसं कळंल?"

सोलापुरात उंच म्हणजे गिरण्यांची धुराडी. मागच्या बाकावरचा शंकर म्हणाला, "मास्तर, किल्ल्याचा खंदक हाय की!" रविवारी मास्तर आम्हा चौघांना घेऊन खंदकावर गेले. बराच वेळ खाली पाहत राहिले.

"न्हाय," ते म्हणाले. "म्हसरं उतरत्यात की हितनं. म्हैस उतरती तो कडा न्हवं."

रकाना कोराच राहिला. आमच्या वर्गाचा एक रिवाज होता, की कोऱ्या रकान्याच्या शब्दाचा अर्थ कोणी सांगायचा नाही.

त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तक उघडले आणि नेमका तोच शब्द विचारला. शंकरने उठून खरे ते सांगितले, "अजून बघितला न्हाय, साहेब." साहेब हसले. "मास्तरांना तरी येतो का?"

मला ते हसणे सोसले नाही. मी उठलो आणि दोन्ही अर्थ एका दमात म्हणून टाकले.

"शाबास! कोणी शिकवलं?"

"मीच डिक्शनरीत पाहिलं, साहेब," मी म्हणालो. ते खरे होते. ते खरे असल्यानेच घात झाला. मुले आपल्या आपण शिकतात, मास्तर शिकवत नाहीत, असा शेरा पडला. पुढच्या महिन्यापासून मास्तरांना खालच्या वर्गावर धाडले, ए-बी-सी गिरवून घ्यायला.

तपासणीच्या संध्याकाळी त्यांनी मला फाटकाशी गाठले. "मल्लू, बघितलंस का?"

"नाही, मास्तर."

"बरं," एवढेच म्हणून ते गेले. त्यानंतर मी त्यांना टाळत राहिलो. मॅट्रिक होऊन पुण्याला आलो तेव्हा निरोपही घेतला नाही.

यंदा कॉलेजची मुले एका किल्ल्यावर गेली, त्यांच्याबरोबर मीही गेलो. तटाबाहेर एके ठिकाणी जमीन संपते. मी पालथा पडून, गवत धरून खाली पाहिले. मध्ये कुठे पाय ठेवायला जागा नव्हती. त्या रात्री मास्तरांना पत्र लिहिले. कडा कसा आहे ते लिहिले, तिथून म्हैस उतरणार नाही हेही लिहिले. तपासणीच्या दिवशी मी उभा राहिलो तो असाच, पुढे काय आहे ते न पाहता, असेही लिहिले आणि क्षमा मागितली.

उत्तर आले नाही. त्यांचा राग गेलेला नाही, असे मी धरून चाललो.

परवा शंकरचे कार्ड आले. तो मॅट्रिकला दोनदा नापास होऊन अजून त्याच वर्गात आहे. त्याने लिहिले आहे: 'मास्तर मागच्या महिन्यात जेऊरला तापाने गेले. तुझे पत्र आले त्या दिवशी ते आमच्या वर्गावर आले होते. नव्या मास्तरांची परवानगी मागून त्यांनी पत्र उभ्याने वाचून दाखवले, दोनदा. मग वहीत लिहिले आणि वही वर्गातच ठेवून गेले. प्रेसिपिटससमोर आता असे आहे, 'मल्लूने बघितला. त्याला विचारावे.''