खाली बसलेलं डावं मडगार्ड

जुन्या मोटारींच्या मंडळात सातजण होते आणि एकाच्याही नखात कधी ग्रीस गेलं नव्हतं. तरी मंडळाच्या पुस्तकात छापायच्या एका जुन्या फोटोवरून तीन महिने त्यांचा काथ्याकूट चालला होता. फोटोतली लांब नाकाची मोटार कोणत्या कंपनीची, हेच ठरेना. अध्यक्ष म्हणत फ्रेंच, दातांचे डॉक्टर म्हणत इटालियन, आणि दोघेही अगदी छातीठोकपणे. शेवटी नाइलाजाने त्यांनी डेंटरमामाला बोलावलं. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात मामाचं आयुष्य गेलं होतं. त्याला खुर्ची मात्र दाराजवळची मिळाली.

मामाने फोटो हातात घेतला आणि दारातल्या उजेडात धरला.

"माझ्या वडिलांनी केलीय ही," तो म्हणाला. "खाली जुन्या ट्रकचा सांगाडा, वरचा पत्रा सगळा हाताने ठोकलेला."

अध्यक्ष गालातल्या गालात हसले. "पुरावा?"

"मडगार्डं बघा. डावं अंगठाभर खाली बसलंय. कारखान्यात साचा असतो, तिथे असं होत नाही. वडिलांच्या हातची डावी बाजू नेहमी अशीच उतरायची. त्यापायी गिऱ्हाइकांची बोलणी मी खाल्लीत."

भिंग आलं, सात डोकी एकमेकांवर आपटली. मडगार्ड खरंच खाली होतं. त्याच मडगार्डात अध्यक्षांना तीन महिने फ्रेंच डौल दिसत होता.

मामाला एकच हवं होतं, फोटोखाली वडिलांचं नाव. त्याने ते मागितलंही.

"अहो, पण म्हणजे ही कुठल्याच कंपनीची नाही," अध्यक्ष म्हणाले. "मग पुस्तकात कशाला?"

पटापट माना डोलल्या. गाडीपेक्षा तिच्या नाकावरच्या बिल्ल्यावर जीव टाकणारी जमात ती.

"फोटो तुम्हीच घेऊन जा. आमच्या काय कामाचा."

घरी बायकोने विचारलं, "फोटो मिळाला ना? मग तोंड का पाडलंय?"

मंडळाला चार शिव्या हासडायला मामाची जीभ रेटेना. म्हातारपणी वडील या गाडीबद्दल सांगू लागले की सगळं घर कंटाळायचं. एकदा पाहुण्यांसमोर मामाच त्यांना म्हणाला होता, "पुरे आता, बाबा. खरंच केली असेल तर फोटो दाखवा." त्यानंतर वडिलांनी गाडीचा विषय कधी काढला नाही.