एका पाठीवरचा नग

अक्काला दुकान नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती कराडमधून पत्र्याच्या ट्रंका विकत असे, पण त्या पाहायला कोणी येत नसे. वर्तमानपत्रात छोटी जाहिरात जाई, पोस्टकार्डावर मागणी येई आणि मनीऑर्डर पोचली की ट्रंक एसटीच्या पार्सलने रवाना होई. माल मार्केट यार्डातल्या एका गोदामात भाड्याने ठेवलेला असे. अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान लष्करात हवालदार, तेव्हा आसामात. गिऱ्हाइकेही बहुतेक जवानांच्याच घरची. मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि तिच्या जाहिराती लिहून देत असे. शब्दांवर पैसे पडत, म्हणून पत्ता सोडून अकरा शब्दांपुढे जायचे नाही, अशी तिची ताकीद होती.

सांगलीचा एक कारागीर धंदा गुंडाळत होता. अक्काने त्याच्याकडच्या दीडशे ट्रंका एकदम उचलल्या. तीन मापे होती : थोरल्या पंचावन्न, मधल्या चाळीस, धाकट्या पंचावन्न. सहा महिन्यांत जेमतेम तीस गेल्या. बाजारात प्लॅस्टिकच्या सुटकेसा आल्या होत्या आणि रजेवर येणारे जवानही त्याच घेऊन एसटीतून उतरू लागले होते. मधल्या मापाची तर कोणी चौकशीही करत नव्हते.

गोदामाचे भाडे नगावर होते. गुळाची आवक वाढली तशी मालकांना जागा हवी झाली. त्यांनी कळवले की सहा महिन्यांवर पडून असलेल्या मालाला गुढीपाडव्यापासून दर नगामागे दुप्पट भाडे. त्या दराने ट्रंकेमागे सुटणारे सगळे गोदामातच गेले असते. भंगारवाला येऊन माल पाहून गेला. पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळ्या ट्रंका त्याला द्यायच्या आणि धंदा बंद करायचा, असे अक्काच्या सासरी ठरले. ठरवताना तिला कोणी विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी मी कराडला गेलो तेव्हा ती गोदामात जमिनीवर बसलेली होती. समोर थोरली ट्रंक उघडी, तिच्या पोटात मधली, मधलीच्या पोटात धाकटी. बाजूच्या कड्या खाली पाडल्या की तिन्ही एकमेकींत नीट बसत होत्या. फक्त रंग खरवडत होता.

“तुझ्या हापिसात शिळे पेपर असतील की रं?”

“गठ्ठंच्या गठ्ठं हायेत. खपलं न्हाईत.”

“म्हंजे तुमचाबी माल पडूनच हाय. आण की मग.”

मी दोन गठ्ठे पाठवले. आठवड्याभरात गोदामातल्या एकशेवीस ट्रंकांच्या जागी चाळीस उरल्या, प्रत्येकीच्या पोटात दोन. एक तारखेला गोदामाचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींनी मोजदाद केली, चाळीसचा आकडा घेतला आणि तो घेऊन ते मालकांकडे गेले. मालक स्वतः आले. त्या दिवशी मी तिथेच होतो.

“बाई, झाकण उघडा. आत दोन हायेत. ह्ये तीन नग झाले.”

“शेट, तुमच्या दारावर काय लिवलंय?”

दारावर एक पाटी होती. दिवाळीत हमालांच्या टोळीने जोडून शिवलेल्या दोन पोत्यांची दोन नगांची हमाली मागितली होती. मालकांनी ती नाकारली आणि पाटी लावली : ‘एका पाठीवर जाईल तो एक नग. तक्रार चालणार नाही.’

“ती पाटी हमालीपुरती हाय.”

“तसं लिवलेलं न्हाई.”

मालकांनी टोळीच्या मुकादमाला हाक मारली. हमाली नगावर होती. तीन नग धरले असते तर मुकादमाला तिप्पट मिळणार होती, म्हणून तो आपल्या बाजूने बोलेल असा मालकांचा अंदाज होता. मुकादम साठीचा, मोजके बोलणारा. त्याने ट्रंक पाठीवर घेतली, दारापर्यंत गेला, पाटीखाली उभा राहिला.

“आवं शेट, किती पाठी दिसत्यात?”

हमाल हसू लागले.

“तुझी हमाली बुडंल, मुकादम.”

“बुडू दे की. दिवाळीत दोन पोती न्हेली तवा तुमी एक म्हणला. आज एकाचं तीन कसं हुतील? लय दिसांनी तुमची पाटी कामाला आली, येऊ द्या.”

मालकांनी दिवाणजींना चाळीस लिहायला सांगितले. पाटी काढली असती तर टोळीने पोत्यांचा विषय पुन्हा काढला असता. पाटी राहिली.

माल मात्र अजून तिथेच होता आणि पाडव्याला महिना उरला होता. त्या दुपारी आम्ही नवी जाहिरात लिहिली : ‘एकात एक तीन ट्रंका. एकच पार्सल, एकच भाडे. लेकीच्या लग्नाला पुरतील.’ शेवटचे तीन शब्द अक्काचे.

पहिली तीन कार्डे वडूजहून एकाच टपालाने आली. कोयनानगरच्या वसाहतीतून एका बाईने स्वतःसाठी एक आणि शेजारणींसाठी तीन जोड मागवले. एकटीने कधी विकली न जाणारी मधली ट्रंक आता दोघींच्या मध्ये बसून जात होती. एका निवृत्त मास्तरांनी पोच कळवली : ‘ट्रंका मिळाल्या. आतल्या बातम्या शिळ्या आहेत, ट्रंका उत्तम.’ ते कार्ड बरेच दिवस आमच्या संपादकीय विभागातल्या फळ्यावर टाचलेले होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी भंगारवाला ठरल्याप्रमाणे हातगाडी घेऊन आला. गोदामाचा तो कोपरा झाडून स्वच्छ केलेला होता.

“ताई, माल कुठं हाय?”

“त्यो काय, चाललाय.”

मुकादम शेवटचा जोड पाठीवर घेऊन दाराबाहेर पडत होता. पाटीखालून जाताना तो दिवाणजींच्या टेबलाकडे वळला आणि यार्डभर ऐकू जाईल असा ओरडला, “एक!”

पाडव्यानंतर दोन दिवसांनी मला अक्काचे कार्ड मिळाले. सासरच्या निर्णयाचा त्यात उल्लेख नव्हता. सांगलीत ट्रंका करणारा दुसरा कारागीर शोध, एवढेच लिहिले होते. खाली एक ओळ जादा : मधली अर्धा इंच अरुंद करायला सांग, रंग खरवडणार नाही, कागद कमी लागेल.