भाव पाडणारा पाद्री

सखाराम गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कापूसबाजारात कळली. अकोल्याहून आलेल्या दगडू गाडीवानाने बैल सोडले, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा पाद्री गेला. तापानं." मी तिथेच एका गाठोड्यावर बसलो. दगडू जरा वेळ घुटमळला, मग हळूच म्हणाला, "आता तरी भाव चढन का हो?" या गोष्टीला महिना होऊन गेला, पण त्या प्रश्नाचा राग माझ्या मनातून उतरत नाही.

सखारामने आणि मी चांदूरजवळच्या एका खेड्यात एकाच पंतोजींचा मार खाल्ला. त्याच्या वडिलांचा वांगी-मेथीचा मळा होता. पोरगा कमालीचा हट्टी. चूक नसली की हात सुजले तरी 'चुकलो' म्हणायचा नाही. पुढे तो नगरला अमेरिकन मिशनऱ्यांकडे शिकला, ख्रिस्ती झाला आणि पाद्री होऊन अकोल्याला आला. घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. मी कसं टाकणार? मनसोक्त भांडायला मला दुसरं होतं कोण! त्याच्या पंथात वर कोणी धर्माधिकारी नसतो. प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीने हात वर करून ठरवायचं आणि पाद्र्यानेही ते निमूट ऐकायचं, ही रीत त्याला प्राणापलीकडे प्रिय होती. साहेबलोकांच्या फिरतीसाठी गरिबांच्या गाड्या वेठीला धरत, त्याविरुद्ध त्याने अर्जांवर अर्ज करून सरकारला हैराण केलं आणि त्या भागातली वेठ थांबवली. दगडूची गाडी तेव्हाच सुटली होती.

मग कापसाचे दिवस आले. अमेरिकेत गुलामांवरून लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला कोणी स्वप्नातही पाहिला नसेल असा भाव आला. लोकांनी बैलांची शिंगं चांदीने मढवली. ज्वारीची शेतं मोडून कपाशी पेरली. बाजारात धान्य कमी दिसू लागलं, पण खिसा भरलेला असला की तिकडे कोण पाहतो? मला मात्र त्या पांढऱ्या ढिगांची भीती वाटू लागली होती. सखारामला त्याहून वेगळंच काही दिसत होतं. दर रविवारी तो प्रार्थनेत म्हणू लागला, "देवा, तिकडचे गुलाम मोकळे कर, आणि ही लढाई थांबव."

मंडळी हादरली. रखमाबाई म्हणून एक म्हातारी होती, दिवसभर कापसातली सरकी काढून पोट भरणारी. ती भर सभेत उठली. "पाद्रीबाबा, आमच्या लेकरायच्या पोटावर काहून पाय देऊन राहिले तुमी?" हात वर झाले. ही प्रार्थना बंद, असं ठरलं. सखारामने मान लववली. पुढच्या रविवारी प्रार्थनेत त्या जागी आल्यावर तो नुसता गप्प उभा राहिला... बराच वेळ. त्या गप्प राहण्यात काय आहे ते पोरासोरांनाही कळत होतं. मी त्याला झापलं, "अरे, मंग पुढचं म्हणून मोकळा हो ना! गप्प काहून राह्यतं?" तो हसला. "मंडळीनं बोलू नको म्हटलं, गड्या. मागू नको नाही म्हटलं." अशी शांतता गावाला परवडत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

लढाई थांबली. मुंबईहून व्यापाऱ्यांना तारा आल्या आणि कापूस असा कोसळला की घेणारा मिळेना. अकोल्यात त्याला 'भाव पाडणारा पाद्री' म्हणू लागले. वाणी धान्य देईना, त्याची बायको विहिरीवर गेली की बाकीच्या बाया घागरी उचलून निघून जात. शेवटी मंडळी जमली. मीही मुद्दाम अकोल्याला गेलो होतो. त्यांचं मागणं एवढंच होतं की, गप्प राहून आपण लढाई थांबावी असं मागितलं नव्हतं, असं त्याने सर्वांसमोर म्हणावं. म्हटलं तर राहावं, नाहीतर घर आणि प्रार्थनामंदिर दोन्ही सोडावं. दारात बाहेरची माणसंही दाटली होती, त्यांत दगडू. हातात काठी. मी सखारामच्या कानाशी लागलो, "म्हण ना बाप्पा एकदा. तुझ्या देवाले समजते सारं." तो मंडळीकडे वळून म्हणाला, "मागितलं होतं." हात वर गेले. ते त्याने स्वतःच मोजले, निकाल सांगितला आणि बायकोला घेऊन गावाबाहेरच्या एका झोपडीत राहायला गेला. पावसाळ्यात झोपडी गळू लागली, त्यात ताप. मी जाऊन पोचेपर्यंत त्याला पुरलंही होतं. असा मित्र मला पुन्हा मिळायचा नाही.

परवा सखारामच्या बायकोला, वहिनींना, भेटायला अकोल्याला गेलो, तो रविवार होता. प्रार्थनामंदिरात मागे जाऊन बसलो. नगरहून नवा तरुण पाद्री आला आहे. प्रार्थना म्हणता म्हणता तो त्या जागी आला आणि थांबला... साऱ्यांच्या माना खाली गेल्या, ओठ हलू लागले. नंतर मी त्याला विचारलं, तर बिचारा म्हणाला, "इथली जुनी रीत आहे, असं मंडळीनेच मला सांगितलं." वाटलं, शेवटी कळला यांना माझा सखाराम!

बाहेर रखमाबाई भेटली. मी म्हणालो, "बाई, सखारामसाठी मागितलं ना तुम्ही सर्वांनी?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "त्याच्यासाठी कायले? त्याचं मागनं खरं झालं ना, मास्तर. मंग आमी बी तसंच गप्प राहून मांगून राहिलो." तिने पदराने तोंड पुसलं. "लढाई लागो म्हनाव. कुठं बी लागो."