जुन्या खेळातलं भोक

उमरीत आमच्या गल्लीत विरजण घरोघर फिरतं, तसा मोटारींच्या शर्यतीचा खेळही फिरला. चाकूरच्या मावसबहिणीनं मला पेनड्राइव्हवर दिला, मी शेजारणीला दिला, तिनं पुढे. सगळ्यांकडे तीच जुनी आवृत्ती. धर्माच्या गायीला दात का नाहीत, असं कोण विचारतं!

कॉम्प्युटर खरं तर बाबांचा. ते निवृत्त शिक्षक. निजामाच्या काळापासून आपल्या बोलण्यात मुरलेले उर्दू-दखनी शब्द गोळा करायचा त्यांना नाद. अकरा वर्षं गावोगाव म्हाताऱ्यांपाशी बसून जमवलेला कोश त्या एकाच डब्यात होता. संध्याकाळी ते फिरायला गेले की मी आणि चाकूरची ती मावसबहीण इंटरनेटवरून शर्यत लावायचो. दिवसभर शाळेत मुलांवर ओरडून आल्यावर मला तेवढंच सुख.

एकदा शर्यतीत एक अनोळखी मुलगी आली. किनवटच्या वसतिगृहात राहते म्हणाली. तिनं लिहिलं, "ताई, ही जुनी आवृत्ती काढून टाका. हिच्यात भोक हाय. कुणीबी खेळता खेळता तुमच्या कॉम्प्युटरात शिरतंय."

राग माझ्या नाकावरच असतो. "तू आधी अभ्यास कर," मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. "लई बोला, पण ऐका. आमच्या इथल्या कॉम्प्युटरातलं समदं असंच गेलं. आता मी खेळायला न्हाई, सांगायलाच येते. तुमच्यात जपण्यासारखं काही हाय का?"

मी तिथंच खेळ बंद केला. पण बाबांचा कोश आठवला. कोश पेनड्राइव्हवर उतरवायला बसले, तर बाबाच चिडले.

"चालू हाय ना सगळं? मग कशाला हात लावायलीस?"

मी ऐकलं नाही. कोश उतरवला, खेळ काढून टाकला. बहिणीलाही फोन केला, तर ती हसली आणि उद्या काढते म्हणाली.

आठवड्याभरात कुणीतरी त्याच भोकातून शिरलं आणि तिच्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं. लेकीचे जन्मापासूनचे फोटो गेले ते गेलेच. ती फोनवर रडत होती, आणि बाबांनी तो पेनड्राइव्ह देवघरात नेऊन ठेवला.

परवा ते कोशाचं आभाराचं पान लिहायला बसले. "त्या पोरीचं नाव काय गं?" त्यांनी विचारलं. मी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी सगळ्यात वर 'किनवटच्या लेकीस' एवढंच लिहिलं. नंतर कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

मी आता फोनवर नवी आवृत्ती खेळते, ती तिला शोधायला. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण माझ्याकडून तिला मिळालेले शब्द एवढेच आहेत: तू आधी अभ्यास कर.