दोनशे तीस व्होल्ट

दुपारी माझी लेक जेवणाच्या टेबलावर विजेचा दाब मोजायचं यंत्र जोडत होती. "आई, भिंतीतले दोनशे तीस व्होल्ट या चिपला सोसणार नाहीत. ट्रान्सफॉर्मर आणि रेझिस्टर लावून ते तीनच्या आत आणायचे, मग ती मोजते." तिने प्लग खोचला. तिचे बाबा लाइनमन होते. ते खांबावरून जिवंत उतरले नाहीत. तिचं बोट बटणाकडे गेलं. ओरडावंसं वाटलं. पण सगळी भीती लेकीपुढे ओतता येत नाही. तिला पेलेल एवढीच बाहेर काढावी लागते. "चपला घाल गं पायात," एवढंच मी म्हणाले. ती उठली, चपला घालून आली आणि तिने बटण दाबलं. पडद्यावर आकडा उमटला, तेव्हा माझ्याबरोबर तिच्याही तोंडून सुटकेचा सुस्कारा निघाला.