होल्डवर ठेवलेलं बियाणं

“मॅडम, तुमच्या मशीननं मेलेल्या माणसाले मेसेज पाठवला! अन् त्यानं उत्तर देल्लं नाही म्हून त्याचं बियाणं दुसऱ्याले इकून टाकलं!”

शेलूबाजारच्या एका कृषी सेवा केंद्राचे मालक प्रमोदभाऊ फोनवर ओरडत होते. त्यांच्या दुकानात आमच्या कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. मी त्याचं डॉक्युमेंटेशन लिहिते, म्हणजे कोणतं बटण कशासाठी आणि ते दाबलेलं असलं की पुढे काय करायचं, ते. पूर्वी हे माणसांसाठी लिहायचे, त्यामुळे कोणी वाचायचं नाही. आता ते एआय एजंट वाचतो. एजंट म्हणजे दुकानदाराच्या वतीनं स्वतःच बटणं दाबणारा प्रोग्राम. तो प्रत्येक ओळ वाचतो आणि तंतोतंत तसंच करतो. भाऊंनी तो नुकताच सुरू केला होता.

मी वाशिमलाच राहते. गाडी काढली आणि दुकान गाठलं.

काउंटरसमोर आसेगावच्या नंदाताई बसल्या होत्या. आदल्याच दिवशी नवऱ्याची तेरवी झाली होती. जाण्याआधी त्यानं पूर्ण पैसे भरून सोयाबीनच्या बॅगा बुक केल्या होत्या. त्या न्यायला ताई आल्या, तर बॅगा गायब.

मी स्क्रीनवर तिच्या नवऱ्याचं खातं उघडलं, तर त्यावर होल्डचं, म्हणजे व्यवहार थांबवायचं बटण दाबलेलं होतं. “भाऊ, खातं होल्डवर तुम्हीच टाकलं होतं ना?”

“मंग काय करू? तेरवी होईस्तोवर त्या घराले आमी व्यवहाराचा फोन करत नाही, माल धाडत नाही. खातं होल्डवर दिसलं का दुकानातले सारे समजतात, हात लावाचा नाही. इकडचे सारेच दुकानदार असंच करतात.”

आमच्या कंपनीत होल्डचा अर्थ होता, ग्राहक माल न्यायला टाळाटाळ करतोय. मेसेज करून विचारा, उत्तर नाही आलं तर बुकिंग रद्द करा, पैसे परत पाठवा, माल मोकळा करा. हा नियम मला मॅनेजरनं दिला होता. “सर, दुकानदार होल्ड कशासाठी वापरतात ते चार दुकानं फिरून बघू का?” असं मी विचारलंही होतं. “एजंटला दुकान दिसत नाही, स्क्रीन दिसतो. स्क्रीनवरून लिहा,” असं उत्तर मिळालं.

मेसेज गेला तो नवऱ्याच्या फोनवर. फोन कपाटात बंद पडलेला. पैसे परत गेले ते त्याच्याच बँक खात्यात, आणि ते खातं आता वारसाच्या कागदांशिवाय उघडणार नव्हतं. एजंटनं एकही पायरी चुकवली नव्हती.

“वहिनी, मी देतो तुमाले दुसऱ्या बॅगा. पैशाचं मंग पाहू,” भाऊ म्हणाले आणि फोन लावत सुटले. त्या वर्षी बियाण्याची मारामार होती. थेट किन्हीराजापर्यंत विचारून झालं, बॅग कुठेच नव्हती.

नंदाताई रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, “बाई, दीर म्हनते, वावर मले ठोक्यानं दे, वर्साचे ठरले पैसे देतो, तुले पेरनं होनार नाही. म्या साऱ्यांसमोर सांगतलं, बियानं घेऊन ठेवलं हाय, मीच पेरीन. आता घरी जाऊन काय सांगू?”

मला लाज वाटली आणि संतापही आला. तिथूनच मॅनेजरला फोन लावला.

“युजरनं फीचर चुकीचं वापरलंय,” तो म्हणाला.

“सर, घरात माणूस गेलं होतं. त्यांनी रीत पाळली.”

“बरं, मग एक टीप टाका खाली.”

मी टीप टाकली नाही, नियमच बदलला. खातं होल्डवर असेल तर एजंटनं काहीही करू नये, आधी दुकानदाराला विचारावं. “काही करायचंच नाही तर एजंट हवा कशाला?” मॅनेजरनं विचारलं. बरीच हुज्जत झाली, पण ओळ राहिली.

भाऊंकडे नव्या बॅगा आल्या, तोवर गावातल्या पेरण्या उरकल्या होत्या. नंदाताईंचं वावर दिरानं ठोक्यानं घेऊन पेरून टाकलं होतं.

हल्ली कुठल्याही बटणाबद्दल लिहिण्याआधी मी ते दाबणाऱ्या माणसाला जाऊन विचारते. माझी नवी ओळ सगळ्या दुकानांत लागू झाली, तेव्हा नंदाताई त्याच वावरात दिराच्या रोजानं निंदायला जात होत्या.